पंपाला घाबरू नका

‘एकदा पंप लागला की सुटत नाही.’ दम्याच्या पंपाबद्दल हे नागपूरच्या अजनी रेल्वे वसाहतीत ऐकू येते आणि कोलकात्याच्या गार्डन रीचमध्येही.

या समजुतीने फार नुकसान केले आहे. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धाप अधूनमधून लागते, सूज मात्र धाप नसतानाही टिकून राहते. औषध थांबवल्यावर त्रास उलटतो तो सूज उरलेली असते म्हणून. त्याला व्यसन म्हणणे अन्याय आहे. पंपाला भिऊन माणसे ‘साधी गोळी’ मागतात. सॅल्ब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची आणि पंपाचा एक झोत 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस झोतांचे औषध, तेही रक्तातून सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते.

‘पंप ओढूनही माणसे दगावतात,’ हा आक्षेप मात्र खरा आहे. जगातले सुमारे 13 टक्के दमेकरी भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा 40 टक्क्यांहून अधिक! पण बहुतेकांच्या खिशात असतो तो सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप. तो नळ्या तेवढ्या सैल करतो, सूज तशीच राहते. म्हणूनच दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 मध्ये सांगितले, की मोठ्यांना व किशोरांना नुसते सॅल्ब्युटामॉल देऊ नये. सोबत श्वासावाटे स्टेरॉइड हवेच.

‘हवा बदला’ म्हणणाऱ्यांचे निम्मे मला मान्य आहे. गार्डन रीचच्या गोदीकडे जाणाऱ्या ट्रकांचा धूर आणि शेजारच्या मटियाबुर्जच्या कोंदट शिवणखोल्यांतली कापडाची धूळ दमेकऱ्याला सोसवत नाही. त्याविरुद्ध भांडलेच पाहिजे. पण तिथला शिंपी पोटापाण्याचे काम सोडून कुठे जाणार? शिवाय दमट कोलकात्यात गादीतले धूळकीटकही त्रास देतात. हवेसारखाच दुसरा भरवसा माशाचा: दमा बरा व्हावा म्हणून हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर जिवंत मासा गिळायला महाराष्ट्रातूनही लोक जातात. त्या माशाने दमा बरा होतो याला पुरावा नाही, आणि त्या भरवशावर रोजचा पंप सुटला तर जिवावर बेतते.

पंप ओढायचीही रीत आहे. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबता दाबता सावकाश आत ओढायचा, दहापर्यंत मोजत रोखायचा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची. मुलांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, द्यावा. डॉक्टरांनी दर भेटीला हे समोर करून घ्यावे, आणि दोन्ही औषधे व स्पेसर मटियाबुर्जच्या शिंप्याला घराजवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळावेत.