वय कागदावरचे आणि वय हाडाचे

आपल्या वस्त्यांत क्रिकेटच्या जोडीला फुटबॉलही रुजला आहे. एका चेंडूत बावीस पोरे खेळतात, हातावर पोट असणाऱ्याला हे परवडते. पण निवडचाचणीच्या दिवशी कितीतरी घरांत रडारड होते. तेरा वर्षांचा पोरगा चेंडू झकास खेळवतो, तरी ‘अंगाने लहान’ म्हणून बाजूला काढतात. मग आईला वाटते, आपणच खाऊ घालण्यात कमी पडलो. त्या माउलीसाठी आज आम्ही लिहीत आहोत.

मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्या. त्या वर्षात मुलगा आठ-दहा सेंटीमीटर वाढतो. पण हा काळ कोणाला बाराव्या वर्षीच येतो, कोणाला सोळाव्या. म्हणून मिसरूड फुटलेला आणि आवाजही न फुटलेला, असे दोघे एकाच वर्गात बसतात. पहिला धक्काबुक्कीत, पळण्यात, लांब किकेत सरस ठरतो आणि गुरुजी त्यालाच घेतात. दुसरा पुढे त्याला गाठतो, पण तोवर त्याने बूट टांगलेले असतात!

अर्जेंटिनातील रोसारियो गावच्या एका पोलाद कारखान्यातील कामगाराचा मुलगा असाच ठेंगणा होता. त्याला वाढीच्या संप्रेरकाची कमतरता होती. तो आजार होता, नुसती उशिरा वाढ नव्हे. २००० साली बार्सिलोना क्लबने त्याला घेतले, औषधाचा खर्चही उचलला. तो लिओनेल मेस्सी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने तर २०१५ च्या सुमारास अकादम्यांतील मुलांचे गट जन्मवर्षावर न पाडता, शरीर किती भरले यावर पाडून सामने खेळवून पाहिले. आपल्याकडच्या क्रीडाशिक्षकांनीही हे करून पाहावे. त्याला पैसा लागत नाही.

आता कागदाचे. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जून! शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. आता मात्र वयचोरी पकडण्यासाठी मनगटाच्या हाडांची तपासणी होते. फिफाने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात एमआरआय सुरू केला. पण हाड वाढ सांगते, जन्मतारीख नव्हे. लवकर वाढलेल्या मुलाचा दाखला खरा असूनही हाड पुढे निघू शकते. तेव्हा पोराला खोटारडा म्हणण्याआधी जन्मदाखला नीट पाहावा, आणि पालकांनी तो जपून ठेवावा. दोन वर्षे कमी लिहून घेण्याच्या फंदात कोणी पडू नये, त्यात दुसऱ्या गरिबाच्याच मुलाची जागा जाते.

घरी एवढे करा. दर तीन महिन्यांनी पोराला अनवाणी भिंतीशी उभा करून पेन्सिलीने खूण करा. खूण भराभर वर सरकू लागली की काही महिने त्याचे पाय अडखळतात, चेंडू सुटतो. तेव्हा ओरडू नका. भाकरीबरोबर मटकी, हरभरे, अंडे, सुकट जे जमेल ते द्या आणि झोप पुरी होऊ द्या. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखू लागले, तर ‘मर्द हो, पळ’ म्हणू नये. वाढत्या हाडावर ताण आलेला असतो. खेळ कमी करून सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.