गरुड चालतो, मग दिवा का नाही?

गेल्या महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये एका तरुण सहकाऱ्यानं मोबाइलवर 'पुराना मंदिर'मधला अर्ध्या मिनिटाचा तुकडा दाखवला. सामरी डोळे वटारून येतो, बाई किंचाळते आणि वरून कुणीतरी हसण्याचा आवाज चिकटवलेला. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग विचारलं, "पूर्ण सिनेमा बघितलाय का?" तो म्हणाला, "सर, असले सिनेमे बघायचे नसतात, हसायचे असतात."

त्याच्यावर माझा राग नाही. पंचविशीतला पोरगा आहे, त्याला हे कुणीतरी शिकवलंय. माझं भांडण शिकवणाऱ्यांशी आहे. एक जमात शनिवारी रात्री जमून 'वाईट सिनेमा' लावते, दर दोन मिनिटांनी टोमणा मारते आणि वर आपलं या सिनेमांवर फार प्रेम आहे असंही सांगते. दुसरी जमात आमच्या गावातली, गंभीर. तिचं कोल्हापूर बाबूराव पेंटर, 'प्रभात' आणि भालजी पेंढारकर यांच्यापाशी संपतं. बाकी सगळा कचरा. या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण एका बाबतीत ते सख्खे भाऊ आहेत. सिनेमा दोघंही बघत नाहीत. एक हसून मोकळा होतो, दुसरा नाक मुरडून.

गंभीर मंडळींना आधी विचारतो. १९२० सालचा 'सैरंध्री' कशानं गाजला? कीचकवधानं. तो वध पडद्यावर इतका खरा वाटला की थिएटरात लोक किंचाळले आणि सेन्सॉरनं ते दृश्य काढायला लावलं. आज कुणी तसं केलं तर तुम्ही त्याला रामसे म्हणून हिणवाल. लोकमान्यांनी ज्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, त्या बाबूरावांना प्रेक्षकांचा थरकाप उडवण्यात काही कमीपणा वाटला नव्हता. कोल्हापूरच्या सिनेमाचा पाळणाच मुळी किंचाळीनं हलला आहे.

मास्टर विठ्ठल त्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीतले. 'कल्याण खजिना'त ते नर्तकी म्हणून नाचले, मग मुंबईला गेले आणि शारदा कंपनीच्या मारधाडीच्या मूकपटांचे राजे झाले. तलवारबाजी, उड्या, घोडे. 'आलम आरा'साठी त्यांनी शारदाचा करार मोडला तेव्हा मामला कोर्टात गेला आणि त्यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर जिनांनी. पहिल्या बोलपटाचा नायक आपल्या पेंटर मास्तरांच्या शाळेतला आणि त्याचा वकील जिना! उर्दू संवाद नीट जमेनात म्हणून सिनेमात त्यांना बराच वेळ गुंगीतच ठेवलं, असं सांगतात. (उर्दू शिकवणारा म्हणून हा किस्सा मला फार प्रिय आहे. तोंडी परीक्षेला माझ्या वर्गातली काही मुलं हाच मार्ग पत्करतात.) १९३१ च्या त्या 'आलम आरा'ची आज एकही प्रत शिल्लक नाही. पहिल्या बोलपटाची ही गत, तर उड्या मारणाऱ्या मूकपटांना कोण विचारतो?

आता माझ्या घरातलं सांगतो. १९८८ च्या आसपास आमच्या मोहल्ल्यात भाड्यानं व्हीसीआर आणायची पद्धत होती. एका रात्रीचं भाडं चार-पाच घरं मिळून द्यायची आणि तीन कॅसेट यायच्या. पहिली कायम दर्ग्याची. ती दादीसाठी, म्हणजे खरं तर दादीच्या परवानगीसाठी. सिनेमा बघणं गुनाह आहे असं मानणारी माझी दादी डोक्यावर पदर घेऊन, पाय दुमडून, मजारीचा सीन आला की हात उचलून तो सिनेमा बघायची. तो संपून ती झोपली की मारधाड, आणि सगळ्यात शेवटी, दोननंतर, भुताचा.

त्या पहिल्या कॅसेटचं आज कुणाला काही पडलेलं नाही. 'मेरे ग़रीब नवाज़', 'दयार-ए-मदीना', 'नियाज़ और नमाज़', 'औलिया-ए-इस्लाम' हे सगळे सत्तरच्या दशकातले. मन्नत, कव्वाली, वाट चुकलेला मुलगा, जागी असलेली आई, आणि अखेर करामत. 'दयार-ए-मदीना' आला १९७५ साली. त्याच वर्षी 'जय संतोषी माँ'ही आला. तोही स्वस्तातला. लोकांनी थिएटरात चपला काढल्या, पडद्यावर नाणी उधळली. त्या सिनेमावर विद्वानांनी लिहिलं, बरंच लिहिलं, आणि लिहायलाच हवं होतं. पण शेजारच्या रांगेत बसलेल्या माझ्या दादीकडे कुणी वळून बघितलं नाही. विद्वानांनी नाही आणि आम्ही मुसलमानांनीही नाही. आमच्यातल्या दीनदारांना सिनेमाच नको होता, सुधारकांना दर्गा नको होता. मग जपणार कोण?

या सिनेमातला दिवा आपोआप पेटला की हसू येतं. ठीक आहे. 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला जातात, तेव्हा का येत नाही? तो सिनेमा मी कितीदा बघितलाय, आणि दर वेळी शेवटी आवली खाली एकटी उरते तेव्हा घसा दाटतो. १९३७ मध्ये व्हेनिसला त्याची वाहवा झाली. गरुड कसा आहे यावर कुणी तो सिनेमा मोजत नाही. तिथे माणूस किती खरा आहे ते बघतात. हीच मोजपट्टी दर्ग्याच्या सिनेमाला लावा, एवढंच म्हणतोय. लावल्यावर बहुतेक सिनेमे नापास होतील. होऊ द्या. पण पेपर वाचून नापास करा. बीएडला आम्हाला शिकवलं होतं की विद्यार्थ्याला काय विचारलं होतं ते आधी बघावं, मग त्यानं काय लिहिलं ते. गणिताच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापणारा मास्तर कुणाला आवडतो?

आणि खरंच वाचला तर हसण्यापेक्षा कडक शेरे मारावे लागतील. या सिनेमांतली बाई नवऱ्याचा मार खाते आणि सब्र करते. तिला सांगितलं जातं की अल्लाह बघतोय. हमीद दलवाईंनी तलाकविरोधात सात बायका घेऊन मोर्चा काढला १९६६ मध्ये, मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं १९७० मध्ये. त्यानंतरच्याच वर्षांत आमच्या घरातल्या बायका पडद्यावर सब्र शिकत होत्या. आजारी मुलाला दवाखान्यात न नेता उंबऱ्यावर ठेवतात तेव्हा मी शिक्षक म्हणून संतापतो. पण हा संताप यायला सिनेमा अखेरपर्यंत बघावा लागतो. हसणारा माणूस त्या सिनेमाशी भांडत नाही. तो त्याला भांडण्याच्या लायकीचाच समजत नाही, आणि तो बघून रडणाऱ्या माझ्या दादीलाही नाही.

रामसेंचंही तेच. सात भाऊ, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी संकलन. घरचीच माणसं घेऊन १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला काढला. अंधार आणि धूर स्वस्तात कसे वापरावेत हे त्यांना कळत होतं, ते कबूल करा. बाईच्या अंघोळीचे सीन निव्वळ तिकिटासाठी घुसडले, विनोदाचा भाग असह्य आहे, तेही लिहा. दोन्ही लिहिणारा एक माणूस मला दाखवा. मोबाइलवर फक्त दात दिसतात.

त्या सहकाऱ्यानं अखेर 'पुराना मंदिर' पूर्ण बघितला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, मधला जोकरांचा भाग पुढं ढकलला. पण त्या मुलीला बाप लग्न का करू देत नाही, ते माहीतच नव्हतं मला. बाळंतपणात मरायचा शाप आहे तिच्या घराण्याला." मग थोडं थांबून, "माझी आत्या तशीच गेली." आम्ही तास होईपर्यंत त्याच्या आत्याबद्दल बोलत बसलो.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला विचारलं, दादी जो सिनेमा पुन्हा पुन्हा मागवायची, ज्यात अंधळी आई मजारीपाशी बसलेली असते आणि शेवटी दिवा पेटतो, त्याचं नाव काय? आईला कव्वालीची चाल आठवली, नाव आठवलं नाही. कॅसेट देणाऱ्याचं दुकान कधीच बंद झालंय, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वर दिलेल्या चार नावांपैकी ते एखादं असेल, किंवा नसेलही. तीन सिनेमे मी इंटरनेटवर शोधून अर्धेमुर्धे बघितले, प्रिंट इतकी खराब की चेहरे पुसट झालेत. दिवा अजून सापडलेला नाही.