पांढऱ्या वाटा

चांगला रस्ता कोणता, असें कोणासहि विचारिलें तर तो सपाट, डांबरी व बिनधुरळ्याचा, असेंच उत्तर येईल. आणि तें चुकीचें नाहीं. अडलेल्या बाळंतिणीस रात्रीं दवाखान्यांत न्यावयाचें असतें, तेव्हां खडीच्या रस्त्याचें कौतुक कोणी करीत नाहीं. असें असतांहि इटली देशाच्या एका डोंगराळ मुलुखांत आपल्या खडीच्या वाटांवर डांबर पडूं नये म्हणून कांहीं लोकांनीं खटपट केली. आणि ती बऱ्याच अंशीं सिद्धीस गेली ती सभा-ठरावांनीं नव्हे, तर सायकलीनें. ही हकीकत घरांतील लहानथोर सर्वांनीं ऐकण्याजोगी आहे, म्हणून या खेपेस तीच सांगण्याचें योजिलें आहे.

टस्कनी प्रांतांत उत्तरेस फ्लॉरेन्स व दक्षिणेस सिएना अशीं दोन जुनीं नगरें आहेत. त्यांच्या मधल्या टेकड्यांच्या प्रदेशास कियांती म्हणतात. तेथील द्राक्षांचें मद्य जगप्रसिद्ध असून, 1716 सालीं तिसरा कोसिमो या तेथील अधिपतीनें जाहीरनामा काढून त्या मद्याच्या प्रदेशाची सीमा आंखून दिली. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं मद्याचें नांवहि निघत नसेल. तथापि कापिशी नगरीच्या नांवावरून होणाऱ्या शब्दासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र केलें आहे आणि टीकाकारांनीं त्याचीं उदाहरणें देतांना तेथील द्राक्षांचा व मधूचाच उल्लेख केला आहे, हें संस्कृताच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तेव्हां द्राक्षांवरून देशाची कीर्ति व्हावी यांत नवल नाहीं. नवल हें, कीं या मुलुखाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग अरण्यच आहे, आणि द्राक्षमळ्यांनीं व्यापलेली जमीन जेमतेम एक-दशांश. त्यामुळें वाट घटकाभर द्राक्षवेलींच्या रांगांमधून उन्हांत चालते, आणि एक वळण घेतलें कीं ओक व चेस्टनट वृक्षांच्या गर्द सावलींत शिरते.

या वाटा पांढऱ्या कां, व इतक्या कां, हें समजण्यास तेथील जुनी शेतीची पद्धति पाहिली पाहिजे. शेंकडों वर्षें तेथें अर्धेलीची शेती होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, आणि पीक निम्मेंनिम्म. कुळाचें घर गांवांत नसे. तें त्याच्या वांट्याच्या जमिनींतच, बहुधा टेकडीच्या माथ्यावर, एकटें उभें असे. त्या दगडी घरांत अनेकदां दोन-तीन पिढ्या एकत्र नांदत. बाहेरचा कारभार पाहणाऱ्या कर्त्या पुरुषास व आंतला संसार हांकणाऱ्या कर्त्या स्त्रीस निरनिराळीं मानाचीं नांवें असत, आणि त्या स्त्रीचा शब्द घरांत सहसा मोडला जात नसे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें चित्र परकें वाटणार नाहीं. अशा प्रत्येक घराकडे बैलगाडी जाण्यापुरती एक वाट लागे. त्या डोंगरांत चुनखडीचा दगड विपुल; तोच फोडून वाटेवर पसरीत. म्हणून वाटा पांढऱ्या, आणि जितकीं घरें तितक्या वाटा.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत कारखाने वाढले आणि अर्धेलीनें गांजलेलीं कुळें घरें सोडून निघून गेलीं. 1964 सालीं कायद्यानें अर्धेलीचे नवे करार बंद केले. तोंवर कित्येक घरांचीं छपरें खचूं लागलीं होतीं. आपल्याकडे 1948 च्या कूळकायद्यानें व त्यांत मागाहून झालेल्या दुरुस्त्यांनीं काय उलथापालथ झाली, हें ज्या घरांनीं पाहिलें त्यांस अधिक सांगावयास नको. फरक एवढाच, कीं येथें पुष्कळ ठिकाणीं मालकाचा जमिनीशीं संबंध सुटला. तेथें कसणाराच उठून गेला. मग त्याची वाट कोणासाठीं राखावयाची? जेथें रहदारी होती तेथें डांबर पडूं लागलें, आणि जेथें नव्हती तेथें रान माजूं लागलें.

अशा वेळीं 1997 सालीं गायोले या लहानशा गांवीं जान्कार्लो ब्रोच्ची नांवाच्या गृहस्थानें एक सायकलयात्रा काढिली. तिचें नांव ‘लेरोइका’, म्हणजे ‘वीरांची’. पहिल्या वर्षीं निघाले अवघे 92 जण. यात्रेचा नियम मोठा मौजेचा आहे: सायकल 1987 पूर्वीच्या घडणीची पाहिजे, आणि पोषाखहि जुन्या काळास साजेसा. सर्वांत लांबचा मार्ग 200 किलोमीटरांहून अधिक आहे. त्या मार्गाचे लोक पहांटे अंधारांतच निघतात, आणि ब्रोलियोच्या किल्ल्याकडे चढणारी वाट त्यांच्यासाठीं दुतर्फा दिवे लावून उजळलेली असते. वाटेंत मुक्कामावर शिळ्या पावाची व भाज्यांची दाट आमटी मिळते. ही त्या कुळांच्या चुलीवरची गरिबीची आमटी. आतां दर वर्षीं हजारों लोक येतात, आणि मार्गावर कायमच्या खुणा लावलेल्या असल्यामुळें बारमाही कोणासहि त्यावरून जातां येतें. याच यात्रेंतून स्फूर्ति घेऊन 2007 पासून धंदेवाईक स्वारांची ‘पांढऱ्या रस्त्यांची’ शर्यत सुरू झाली. सिएनाच्या ज्या प्रख्यात चौकांत घोड्यांच्या शर्यती होतात, त्याच चौकांत ती संपते. 2015 पासून स्त्रियांचीहि शर्यत होते.

यात्रेच्या नांवांतील वीर हे जुन्या काळचे सायकलस्वार. त्यांपैकीं एकाची गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. जीनो बार्ताली हा फ्लॉरेन्सजवळच्या खेड्यांतला. फ्रान्सची महाशर्यत त्यानें 1938 सालीं आणि पुन्हां दहा वर्षांनीं, 1948 सालीं जिंकिली. मधल्या युद्धकाळांत इटलींत यहुदी लोकांची धरपकड सुरू झाली, तेव्हां शर्यतीच्या सरावाचें निमित्त करून तो सायकलीच्या पोकळ नळ्यांत कागद दडवून फ्लॉरेन्स व असिसी यांच्या दरम्यान नेत असे. त्या कागदांवरून बनविलेल्या खोट्या ओळखपत्रांनीं कित्येकांचे प्राण वांचले. हयातींत त्यानें याचा गवगवा केला नाहीं. 2000 सालीं तो वारला. 2013 सालीं यरुशलेमच्या याद वाशेम संस्थेनें त्याचा मरणोत्तर गौरव केला.

आतां खडीवर सायकल चालविण्याच्या विद्येविषयीं थोडेंसें. अरुंद टायर कडक फुगविला तर तो प्रत्येक खड्यावरून उसळतो आणि स्वाराचीं हाडें खिळखिळीं होतात. म्हणून हल्लीं खडीसाठीं मुद्दाम बनविलेल्या सायकलींस सुमारें चार सेंटिमीटर रुंदीचे टायर घालतात व त्यांत हवा बेताची ठेवतात; म्हणजे टायर खड्यास पोटांत घेतो. चढावर उभें राहून जोर करूं नये. मागील चाकावरचा भार कमी होऊन तें जागच्या जागीं फिरतें. बसून, हलक्या गियरवर, सावकाश चढावें. उतारावर वळण येण्यापूर्वींच दोन्हीं ब्रेक हलके दाबून वेग आंवरावा. ऐन वळणावर ब्रेक आंवळला कीं चाक सरकलेंच. मूठ घट्ट आंवळूं नये. चाकास आपली वाट शोधूं द्यावी.

कोणी म्हणेल, दुसऱ्याचा कष्टाचा रस्ता हा यांचा रविवारचा खेळ झाला. या आक्षेपांत तथ्य आहे. ज्या म्हातारीनें त्या धुरळ्यांतून डोक्यावर ओझीं वाहिलीं, तिला डांबर हवें होतें, आणि तिच्या मागणीस हंसण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. जेथें माणसें राहतात तेथें पक्का रस्ता झालाच पाहिजे. परंतु जेथून माणूस निघून गेला आहे, तेथें प्रश्न डांबराचा कीं खडीचा हा नसून, वाट राहणार कीं जाणार हा असतो. कियांतीच्या लोकांनीं ती वाट नुसती पाटी लावून राखली नाहीं. त्यांनीं तिच्यावर चाकें आणलीं, आणि चाकांमागून पाहुणे, खानावळी व गांवांत राहण्यास कारण आलें.

आपल्यांतील पुष्कळ घराण्यांचें कोंकणांत वा देशावर जुनें घर आहे. तिकडे जाणारी एखादी मुरुमाची वाटहि आहे. घर पडलें म्हणून आपण हळहळतों, पण बहुधा घर पडण्याच्या कितीतरी आधीं आपलें तिकडे जाणें थांबलेलें असतें. या सुटींत मुलांना व सुनांना घेऊन त्या वाटेनें जावें. पायीं जावें, किंवा धाकट्यांनीं सायकलीनें जावें. वाट राखण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.