खाँसाहेबांच्या तबकड्यांवर हक्क कुणाचा?

पोस्ट मोठी आहे. पण मिरज-सांगलीकडचे असाल आणि घरात माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डी पडून असतील, तर शेवटपर्यंत वाचा.

एक साधा प्रश्न विचारतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या स्मृतीत गाणं होतं, लांबलांबचे कलाकार हजेरी लावायला येतात. खाँसाहेबांच्या हयातीत ज्या तबकड्या निघाल्या, त्यातलं एखादं गाणं कुणी आज इंटरनेटवर टाकलं, तर तो चोर ठरतो का?

आपला कायदा म्हणतो, नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात ध्वनिमुद्रणाला आधी ५० वर्षांचं संरक्षण होतं, १९९२ च्या दुरुस्तीनं ते ६० झालं. रेकॉर्ड ज्या वर्षी बाजारात आली, त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ही वर्षं मोजायची. १९३७ ची रेकॉर्ड धरली आणि साठ वर्षं मोजली, तरी १९९७ संपताना हिशेब मिटला. त्यानंतर त्या ध्वनिमुद्रणावर भारतात कुठल्याही कंपनीची मालकी उरत नाही.

आता इथं एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. मग १९५५ ची रेकॉर्ड मोकळी झाली तरी त्यातले गदिमांचे शब्द मोकळे झालेले नाहीत. उलट 'मानापमान'ची पदं घ्या. लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ ला गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ ला. म्हणजे या पदांच्या चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या रेकॉर्डी तिन्ही अंगांनी मोकळ्या. शब्द तुमचे-आमचे, चाल तुमची-आमची, ध्वनिमुद्रणही तुमचं-आमचं.

कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते सांगतो.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत. एसटीतून निवृत्त झाले. आयुष्यभर जुन्या बाजारात फिरून, भंगारवाल्यांच्या हातापाया पडून त्यांनी लाखेच्या ७८ स्पीडच्या रेकॉर्डी जमवल्या. निवृत्तीनंतर भाच्याकडून संगणकाचं शिकून घेतलं आणि एकेक रेकॉर्ड इंटरनेटवर टाकायला लागले. जाहिरात नाही, कमाई नाही. खाली गायकाचं नाव, कंपनी, रेकॉर्डचा नंबर, सापडलं तर साल. परदेशातली मराठी माणसं त्यांना लिहायची की हा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

मग एका म्युझिक कंपनीच्या नावानं त्यांना नोटिसा आल्या. लागोपाठ तीन. तिन्ही जुन्या नाट्यपदांवर. तिसरी आली आणि चॅनेल बंद. ज्या शंभरेक गाण्यांवर कुणीही हक्क सांगितला नव्हता, ती पण त्याच्यासोबत गेली. काका एवढंच म्हणाले, "कंपनीकडं ही गाणी ऐकायला मिळत असती तर मी कशाला टाकली असती?"

हे होतं कसं? नोटिसा पाठवायचं काम बहुतेक वेळा माणूस करतच नाही. कंपनी आपल्या गाण्यांचे नमुने साइटला देते, साइटचं यंत्र जुळणी करतं. आवाज जुळला की दावा लागला. साल कुठलं, मुदत संपली का, हे यंत्र विचारत नाही.

दुसरं कारण म्हणजे या मोठ्या साइट अमेरिकेच्या. तिथल्या २०१८ च्या कायद्यानं १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षं संरक्षण दिलंय, १९४७ ते १९५६ मधल्यांना ११० वर्षं. म्हणजे १९३७ ची जी रेकॉर्ड मिरजेत कधीच मोकळी झाली, ती तिकडं २०३७ संपेपर्यंत बांधलेली. बरं, एखादं गाणं फक्त एका देशापुरतं बंद ठेवायची सोय या साइटकडं आहे. मग अमेरिकेत बंद ठेवा की. मिरजेतल्या माणसाला मिरजेच्या गवयाचं गाणं का बंद?

नोटिशीला उत्तर देता येतं, नाही असं नाही. पण त्या अर्जात स्वतःचं नाव, पत्ता द्यायचा आणि अमेरिकेतल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य आहे असं लिहून द्यायचं. पेन्शनवर जगणारा माणूस ते वाचून काय करेल? हात जोडेल आणि संगणक बंद करेल. काकांनी तेच केलं.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर तुम्हीच म्हणाल एकतर्फी लिहिलंय. कंपन्यांनी त्या काळी पैसे घातले, गवयांना बोलावलं, रेकॉर्डी गावोगाव पोचवल्या. त्या कंपन्या नसत्या तर खाँसाहेबांचा आवाज उरलाच नसता. आणि 'जुनी गाणी जपतो' म्हणणारे सगळेच काही काकांसारखे नसतात. कालपरवाची सिनेमाची गाणी उचलायची, त्यावर स्वतःचा शिक्का मारायचा, जाहिरातींचे पैसे घ्यायचे आणि गीतकाराचं नाव पण लिहायचं नाही, हे धंदे जोरात आहेत. माझी बातमी नाव काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते तेव्हा माझं डोकं फिरतं. कवीच्या घरच्यांना काय वाटत असेल? गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळालाच पाहिजे आणि तो करार करून काढून घेता येणार नाही, ही तरतूद कायद्यात यायला २०१२ साल उजाडावं लागलं. तोवर कितीतरी जणांनी एकरकमी चार पैसे घेऊन गाणी दिली होती. त्यामुळे 'जुनं ते सगळं फुकट' या मताचा मी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हक्क सांगायचा असेल तर गाणं लोकांपुढं ठेवा. ठेवायचं नसेल तर ठेवणाऱ्याच्या आड येऊ नका. विहीर तुमची असेल, पण तुम्ही पाणीही काढत नाही आणि दुसऱ्यालाही काढू देत नाही, याला मालकी नाही, आडमुठेपणा म्हणतात.

हे काही माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही. युरोपीय संघानं २०११ साली ध्वनिमुद्रणाची मुदत ५० वरून ७० वर्षं केली, तेव्हा सोबत एक अट घातली. पन्नास वर्षांनंतर कंपनी ते गाणं पुरेशा प्रमाणात विकत नसेल, लोकांना ऐकायलाही उपलब्ध करत नसेल, तर कलाकार नोटीस देऊ शकतो. वर्षभरात कंपनीनं हालचाल केली नाही, तर कलाकार करार मोडू शकतो आणि कंपनीचा त्यावरचा हक्क संपतो. वापरा नाहीतर सोडा, असा सरळ व्यवहार.

आपल्याकडं? कलम ३१ मध्ये सक्तीच्या परवान्याची सोय आहे. मालकानं नकार दिल्यामुळं एखादी कृती लोकांपासून दूर राहत असेल, तर परवाना मागता येतो. मालक सापडतच नसेल तर कलम ३१-अ आहे. यंग इंडियासारख्या मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्या कधीच बंद पडल्या, त्यांच्या पुढच्या रेकॉर्डींबद्दल विचारायचं कुणाला, यासाठी हे कलम कामाचं. पण हे अर्ज ज्या न्यायाधिकरणापुढं जायचे ते २०२१ साली बरखास्त झालं. आता कोर्टाची पायरी चढायची. एका रेकॉर्डीसाठी वकील लावणारा संग्राहक मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

म्हणून तीन मागण्या.

एक, कंपन्यांनी आपल्या जुन्या रेकॉर्डींची सालासकट यादी जाहीर करावी. साठ वर्षं उलटलेल्या ध्वनिमुद्रणांवर भारतात दावा लावायचा नाही. चुकीचा दावा लावला तर दंड असावा. आज खोटा दावा लावणाऱ्याला इथं कसलीच झळ पोचत नाही, सगळी झळ टाकणाऱ्याला.

दोन, युरोपसारखी 'वापरा नाहीतर सोडा' अट आपल्या कायद्यात यावी. आपले खासदार संसदेत रस्ते आणि रेल्वे विचारतात, विचारायलाच पाहिजेत. पण मिरजेच्या नावावर भाषण करताना किराणा घराण्याचा उल्लेख करता, तर एक प्रश्न यावरही विचारा.

तीन, संग्राहकांनी पण शिस्त पाळावी. जे दुकानात किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर मिळतं ते टाकू नका. गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी, साल, सगळं लिहा. कवी-संगीतकाराची मुदत बाकी असेल तर वारसांना विचारा. आपल्या भागातले वारस बरेचदा एका फोनवर सापडतात आणि आनंदानं हो म्हणतात.

आणि तुमच्यासाठी एक काम. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या रेकॉर्डी भंगारात घालू नका. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हात किंवा पत्र्याखाली नको. स्पिरिटनं अजिबात पुसू नका, लाख विरघळते. कुठली रेकॉर्ड आहे तेवढं मला खाली कमेंटमध्ये कळवा. आपल्या भागात कुणाकडं काय आहे याची यादी करायला मी घेतलीय, त्यावर कुणाची नोटीस येणार नाही.

पोस्ट पटली तर शेअर करा. फक्त नावासकट.