लंडनच्या घरासाठी सरकार भांडले, टेंभुर्णीच्या घरासाठी कोण भांडणार?

युरोप पाहून आलेला माणूस स्वच्छ रस्ते, वेळेवर धावणाऱ्या रेल्वेगाड्या आणि बर्फाच्छादित डोंगर यांचे वर्णन करतो. आम्हीही मुलाबाळांसह ते सारे पाहिले. परंतु नांदेड-लातूरच्या मातीतून गेलेल्या बौद्ध कुटुंबाच्या डोळ्यांत भरते ते वेगळेच.

बाबासाहेबांनी 1921 साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. त्या ओढीने आम्ही बॉनला गेलो आणि तेथून जवळच्या कोलोन शहरात. तेथे घरांच्या उंबऱ्यापुढे, फुटपाथमध्येच दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पितळी दगड बसविलेले आहेत. या घरात कोण राहत होते, त्याचा जन्म कधीचा, नाझींनी त्याला कोठे नेले, कोठे मारले, एवढेच त्यावर कोरलेले. गुंटर डेमनिग या कलावंताने पहिला दगड 1992 साली कोलोनच्या नगरभवनापुढे बसविला. 2023 साली ही संख्या एक लाखावर गेली. त्यांचे जर्मन नाव स्टोल्परस्टाईन, म्हणजे ठेच लागणारा दगड. ठेच पायाला नव्हे, मनाला लागावी हा हेतू.

युरोप म्हणजे स्वर्ग, असे आम्हांला मुळीच म्हणावयाचे नाही. म्युनिक शहराने सार्वजनिक रस्त्यावर हे दगड बसवू दिले नाहीत. मृतांची नावे पायदळी तुडविली जातात, असा तेथील ज्यू समाजाच्या पुढाऱ्यांचाही आक्षेप होता. म्हणून तेथे भिंतीवर पाट्या लावतात. वाद नाव कोठे लावावे याचा आहे, नाव लावावे की नाही याचा नाही!

आता आमच्या घराकडे पाहू. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जातीयवाद्यांनी जिवंत जाळले. सुगावात जनार्दन मवाडे मारले गेले. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी प्राण दिला. 14 जानेवारी 1994 रोजी मिळाला तो नामविस्तार. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले आणि नांदेड-लातूरची महाविद्यालये तिकडे गेली. स्वामी रामानंद तीर्थांविषयी आम्हांला आदरच आहे. पण ज्या जिल्ह्याने नामांतरासाठी रक्त सांडले, त्या जिल्ह्यातल्या पोराच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव राहिले नाही, हे सत्य कसे विसरावे?

आणि हा इतिहास संपलेला नाही. 1 जून 2023 रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केली, हाच राग असल्याचे त्याच्या कुटुंबाने फिर्यादीत म्हटले. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातील रेणापुरात अवघ्या काही हजार रुपयांच्या वसुलीपायी एका मातंग बांधवाचा जीव गेला. चार दिवस पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, निवेदने झाली, फोटो छापून आले. पुढे काय?

लंडनमधील 10, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे घर महाराष्ट्र सरकारने 2015 साली विकत घेतले. तेथे स्मारक नको म्हणून स्थानिक कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली, तेव्हा सरकारने अपील केले आणि 2020 साली परवानगी मिळविली. चांगले केले! त्याबद्दल अभिनंदनच. पण सातासमुद्रापलीकडच्या घरासाठी जे सरकार भांडू शकते, त्याला टेंभुर्णी आणि सुगावच्या घरांसाठी बोलण्यास कोणी अडविले आहे?

आमचा समाज आपल्या शहिदांना विसरलेला नाही. दर 14 जानेवारीला विद्यापीठ गेटवर लोटणारा जनसागर त्याची साक्ष आहे. मात्र आठवण ठेवण्याचा भार ज्यांची माणसे मेली त्यांनीच का वाहावा? कोलोनमध्ये केवळ ज्यू वस्तीने नव्हे, सगळ्या शहराने मृतांची नावे आपल्या रस्त्यात सामावून घेतली. येथे ते काम ग्रामपंचायतीचे आणि जिल्हा प्रशासनाचे आहे. सवर्ण बांधवांच्या पोरांनीही शाळेला जाता-येता ते नाव वाचले पाहिजे.

पण दगड म्हणजे न्याय नव्हे, हेही वकील म्हणून आम्ही बजावून सांगतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली निघाला पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे. हा नियम आहे, मेहेरबानी नव्हे. समाजबांधवांनो, आपापल्या जिल्ह्यातील या बैठकीचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागा. किती खटले पडून आहेत, किती साक्षीदारांना संरक्षण मिळाले, याचा जाब विचारा. आणि ज्या गावात आपला माणूस मारला गेला, त्या गावच्या ग्रामसभेत नावाच्या पाटीचा ठराव मांडा. ठराव फेटाळला गेला, तर तो कोणी फेटाळला हेही इतिवृत्तात नोंदले जाईल. तीही एक नोंदच!

जय भीम!