बक्षीस राहू द्या, अर्ज तरी भरा!

पत्रकारितेची आंतरराष्ट्रीय बक्षिसं म्हटलं की डोळ्यासमोर झगमगीत हॉल, टाय लावलेली माणसं आणि इंग्रजी भाषणं येतात. जिल्हा आवृत्तीत चार तालुके एकट्याने सांभाळणारा मराठी वार्ताहर काही येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: अशा स्पर्धांचे अर्ज त्याच्या ऑफिसने भरायलाच हवेत. बक्षीस मिळो, न मिळो.

एक उदाहरण बघा. डेटा पत्रकारितेसाठी २०२० पासून 'सिग्मा अवॉर्ड्स' देऊ लागले. त्याआधी २०१२ पासून 'डेटा जर्नलिझम अवॉर्ड्स' होते, पण ते चालवणारी संस्था २०१९ मध्ये बंद पडली, म्हणून काही जाणत्या मंडळींनी हा नवा संसार मांडला. प्रवेश फी ठेवली नाही. पहिल्याच वर्षी लहान न्यूजरूमच्या गटात नावीन्याचं बक्षीस कुणाला मिळालं? पेरू देशातल्या 'ओहो पूब्लिको' नावाच्या छोट्या स्पॅनिश संस्थेला! त्यांनी 'फुनेस' नावाचा अल्गोरिदम बनवला. सरकारी कंत्राटांचा ढीग चाळायचा आणि भ्रष्टाचाराचा धोका कुठे जास्त आहे ते सांगायचं. टेंडर एकाच कंपनीने भरलंय का, ही त्यातली एक खूण.

आता मला सांगा, टेंडरला एकच बोली आली की काहीतरी शिजतंय, हे आपल्याकडच्या वार्ताहराला कुणी शिकवायला हवं का? त्याला ते तोंडपाठ असतं. फरक एवढाच की पेरूच्या लोकांनी ते मोजलं, आणि कसं मोजलं ते लिहून ठेवलं.

हे 'लिहून ठेवणं' मला बक्षिसापेक्षा मोठं वाटतं. सिग्माच्या पहिल्या वर्षीच्या अर्जात प्रश्न होते: काय केलं, कुठली तंत्रं वापरली, त्यातलं सगळ्यात अवघड काय होतं, इतरांनी यातून काय शिकावं. आपण सॉफ्टवेअरवाले रिलीजनंतर रेट्रो करतो ना, अगदी तेच! (आपणही कंटाळतच करतो, ते सोडा. :)) शिवाय हे अर्ज वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले गेले. म्हणजे हरलेल्या टीमचं कामही दुसऱ्या देशातला कुणीतरी वाचून वापरू शकतो. ओपन सोर्सवर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

याउलट आपल्याकडे काय होतं? वार्ताहर माहितीच्या अधिकारात कागद मिळवतो, वहीत किंवा एक्सेलमध्ये आकडे जुळवतो, बातमी छापून येते. दुसऱ्या दिवशी तो पेपर रद्दीत आणि ती एक्सेल फाइल त्याच्या लॅपटॉपमध्ये. त्याने नोकरी बदलली की फाइलही गेली. पुढच्या माणसाने परत शून्यापासून सुरुवात करायची.

आणि विषय कमी आहेत असं कोण म्हणेल? बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला, सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हॉस्पिटलं, मुकादम, उचल, हंगाम यांचे धागे जिथे एकमेकांत गुंततात, तिथली खरी माहिती मराठीतच बोलली जाते. ती जगापर्यंत न्यायचं काम दुसऱ्या कुणीतरी येऊन का करावं?

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. पहिला म्हणजे बक्षिसासाठी बातम्या लिहायची सवय लागते. खरंय, परीक्षकांना आवडेल अशी चकचकीत ग्राफिक्स करत बसलात तर वाचक बाजूला राहतो. उपाय सोपा: आधी छापून झालेलं, वाचकांच्या उपयोगी पडलेलं कामच पाठवायचं, स्पर्धेसाठी म्हणून वेगळं काही करायचं नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. भरमसाट प्रवेश फी मागणाऱ्या स्पर्धांना लांबूनच नमस्कार करावा. तिसरा आक्षेप वेळेचा आणि इंग्रजीचा. तालुक्याच्या माणसाने रोजच्या बातम्या टाकून इंग्रजी फॉर्म कधी भरायचा?

इथे आपला नंबर लागतो, मंडळी. आपण दिवसभर इंग्रजीत ईमेल, डॉक्युमेंटेशन आणि स्टेटस रिपोर्टच लिहितो की! एखाद्या वार्ताहराच्या कामाचं दोन पानी इंग्रजी टिपण करणं, त्याची एक्सेल फाइल साफ करून देणं, एखादी स्क्रिप्ट लिहून देणं हा एका शनिवारचा खेळ आहे. तांत्रिक माणसाची पत्रकारितेत लुडबुड वाटते? २०२१ चं आंतरराष्ट्रीय वार्तांकनाचं पुलित्झर, चीनच्या शिनजियांगमधल्या बंदिछावण्या उघड केल्याबद्दल, 'बझफीड न्यूज'च्या तिघांना मिळालं. मेघा राजगोपालन पत्रकार, ॲलिसन किलिंग आर्किटेक्ट, आणि क्रिस्टो बुशेक चक्क प्रोग्रॅमर! 'बझफीड न्यूज' २०२३ मध्ये बंद झालं, पण त्यांनी ते काम कसं केलं हे आजही शिकता येतं. कारण त्यांनी ते लिहून ठेवलं.

तेव्हा संपादक साहेब, वर्षातून एकदा टीमला विचारा: यंदाचं आपलं कुठलं काम अनोळखी माणसासमोर ठेवायला लाज वाटणार नाही? उत्तर मिळालं तर फॉर्म भरा. आणि उत्तर मिळालंच नाही, तर तेही कळलेलं बरं. नाही का?