वजन कमी करणारी इंजेक्शनं: परभणीच्या उन्हाळ्यात काय सांभाळायचं?

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं. मार्च २०२६ मध्ये वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं आणि स्वस्त जेनेरिक औषधांचा मार्ग मोकळा झाला. स्वस्त झालेलं औषध मुंबई-पुण्यापुरतं राहत नाही. पण परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी डोसइतकंच शरीरातलं पाणी आणि औषधाची साठवणही महत्त्वाची ठरते.

फायदा किती?

ही औषधं भूक कमी करतात, पोट हळू रिकामं होतं. ‘स्टेप-१’ चाचणीत सेमाग्लुटाइडमुळे ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटलं. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं.

दुष्परिणाम कोणते?

मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे नेहमीचे. म्हणूनच डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात. घाईने वाढवला तर त्रासही वाढतो. पित्ताशयात खडे आणि स्वादुपिंडाला सूज हे धोके कमी, पण गंभीर आहेत. सेमाग्लुटाइडमुळे डोळ्याच्या नसेला इजा होऊ शकते, असं युरोपीय औषध संस्थेने जून २०२५ मध्ये सांगितलं. हे प्रमाण १०,००० मध्ये जास्तीत जास्त १ आहे.

उन्हाचा संबंध काय?

उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी होतं. त्यात शेतात किंवा बांधकामावर घाम गेला, तर मूत्रपिंडावर ताण येतो. भूक नसल्याने पाणी पिणंही राहून जातं.

न उघडलेलं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बाहेर ते ३० अंशांपर्यंत आणि ठरावीक दिवसच टिकतं. गाडीच्या डिकीत राहिलेलं किंवा तापलेल्या कुरिअरमधून आलेलं औषध वापरू नका. फ्रीजरमध्येही ठेवू नका.

कोणी टाळावं?

गर्भवतींनी आणि घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरचा इतिहास असलेल्यांनी. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते, त्यामुळे आधी डॉक्टरांशी बोला.

लक्षात ठेवा

हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. पक्कं बिल मागा, बॅच नंबर आणि मुदत तपासा. पोटातून पाठीकडे जाणारी तीव्र कळ, अचानक अंधुक दिसणं किंवा लघवी कमी होणं, यापैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते.